तारखेखाली काय लिहावं?

दिनविशेष म्हणजे शाळेच्या परिपाठातल्या चार ओळी, अशीच बहुतेकांची समजूत असते. या अभ्यासात नव्याने येणाऱ्याचं स्वागत करताना मी उलट सांगेन: एका तारखेखाली घटना लिहिणं सोपं, त्यांचा एकमेकींशी संबंध तपासणं हे खरं काम. वर्ध्याजवळच्या सेलूच्या वाचकाला त्यासाठी लांबही जायला नको.

११ सप्टेंबर घ्या. १८९३ साली याच दिवशी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद पहिल्यांदा बोलले. १८९५ मध्ये कोकणातल्या गागोद्याला विनोबा जन्मले. १९०६ मध्ये जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात ट्रान्सवालचे हिंदी लोक जमले, सक्तीच्या नोंदणीचा प्रस्तावित कायदा पाळायचा नाही असं ठरवलं आणि हाजी हबीब यांच्या सूचनेवरून देवाला साक्षी ठेवून शपथ घेतली. गांधीजी त्या सभेत होते. २००१ चं न्यूयॉर्क तर सर्वांना ठाऊक आहे.

एवढं एका पानावर आलं की लिहिणाऱ्याच्या हातून ‘नियतीचा संकेत’ वगैरे सुटतंच. वर्षाचे दिवस ३६५ आणि इतिहास हजारो वर्षांचा. कुठलीही तारीख उचला, गर्दी सापडणारच. विवेकानंदांचं भाषण आणि विनोबांचा जन्म यांच्यात तारखेपलीकडे दुवा नाही. जोहान्सबर्ग आणि विनोबा यांच्यात मात्र आहे, तिथे सुरू झालेल्या सत्याग्रहाचा, पण तो ११ सप्टेंबरला सापडत नाही. तो शोधायला इतर तारखांची पानं उलटावी लागतात. ७ जून १९१६ ला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात विनोबा गांधीजींना भेटले, ८ एप्रिल १९२१ ला वर्ध्याला आले आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला युद्धविरोधी भाषण करून पहिले वैयक्तिक सत्याग्रही ठरले. सेलूहून वर्ध्याला जाताना लागतं तेच हे पवनार.

दुसरी अडचण पंचांगाची. डॉ. आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तो १४ ऑक्टोबर १९५६ हा विजयादशमीचा दिवस होता, त्यामुळे तो तारखेनेही पाळला जातो आणि तिथीनेही. विनोबांनी पवनारला देह ठेवला तो १५ नोव्हेंबर १९८२, दिवाळीचा दिवस. शिवजन्माची गुंतागुंत आणखी वेगळी. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावली या जुन्या सालवार नोंदवहीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया आहे. तिची आपण मानतो ती १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची; आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च येतो. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतला इंग्रज आणि गोव्यातला पोर्तुगीज एकाच दिवशी पत्र लिहायला बसले, तरी त्यांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर पडे, कारण इंग्रज जुनी गणना पाळत आणि पोर्तुगीज नवी. म्हणून नोंद करताना तारीख कुणाच्या दप्तरातली, हे आधी विचारावं. हा प्रश्न रुक्ष आहे खरा, पण तो टाळून केलेल्या याद्या मी तरी विश्वासाने वापरत नाही.

सरावाला ३० एप्रिल घ्यावा. १९०९ साली त्या दिवशी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला तुकडोजी महाराज जन्मले. १९३६ साली त्याच दिवशी गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, आले. त्याच वर्षी तुकडोजी महाराजही तिथे जाऊन राहिले. मग ३० एप्रिलखाली या दोन नोंदींमध्ये रेघ ओढायची की नाही, हे वाचकानेच ठरवावं.