न वटलेला धनादेश

गोंदिया म्हटले की तांदळाच्या गिरण्या, तेंदूपाने आणि विड्या आठवतात. हावडा-मुंबई लोहमार्गावरील हे जंक्शन मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या सीमेलगत असल्याने येथला माल नेहमीच परमुलखात गेला आणि मालामागोमाग उधारीही गेली. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या इतिहासात गिरण्यांची धुराडी दिसतात. उधारीचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. आम्हांला तोच अधिक बोलका वाटतो.

धनादेश रुळण्यापूर्वी परगावच्या देण्याघेण्याचा भार हुंडीवर असे. दर्शनी हुंडी दाखवताच, तर मुदती हुंडी ठरल्या दिवशी शिकारली जाई. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने देशी भाषांतील संलेखांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. हुंडी परतली की पेढीची पत जाई, आणि ही शिक्षा कारावासाहून हलकी नव्हे. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती ओळखीपाळखीच्या वर्तुळातच चाले. धान पिकवणाऱ्याला त्या वर्तुळात जागा नव्हती.

धनादेशाने अनोळखी माणसाशी व्यवहार शक्य केला, पण पेठेचा धाक संपवला. धनादेश न वटल्यास व्यापाऱ्यापुढे दोनच वाटा उरत: दिवाणी दावा, नाहीतर भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली फसवणुकीची फिर्याद. पहिलीत वर्षे जात. दुसरीत देणेकऱ्याची नियत प्रारंभापासूनच खोटी होती हे सिद्ध करावे लागे. १९८८ च्या दुरुस्तीने जुन्या अधिनियमात कलम १३८ आले आणि १ एप्रिल १९८९ पासून धनादेश न वटणे हाच, काही अटींवर, गुन्हा ठरला.

या अटींतच सारी मेख आहे. धनादेश मुदतीत, म्हणजे २०१२ पासून तीन महिन्यांत, बँकेत भरावा लागतो. तो परतल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस धाडावी लागते. ती मिळाल्यावर देणेकऱ्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढील एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरे पाहता कायदा देणेकऱ्याला आधी पैसे देण्याची संधी देतो आणि मगच गुन्हेगार म्हणतो.

पण तक्रार कोठे करायची? १ ऑगस्ट २०१४ रोजी ‘दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, धनादेश ज्या शाखेवर काढला त्या ठिकाणचेच न्यायालय, असे ठरवले. म्हणजे दूरच्या गिऱ्हाइकाला तांदूळ पाठवणाऱ्या गोंदियाच्या गिरणीवाल्याने त्याच्या गावी खेटे घालायचे! २०१५ च्या दुरुस्तीने हे चक्र उलटे फिरवले: घेणेकऱ्याचे खाते ज्या शाखेत, तेथील न्यायालय. २०१८ पासून खटला चालू असतानाही रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देवविण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

तरीही प्रश्न सुटलेला नाही. २०१९ अखेर देशात अशी ३५ लाखांहून अधिक प्रकरणे प्रलंबित असल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घेतली. शिवाय कलम १३९ अन्वये, धनादेश देण्यापोटीच दिला असे न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचा भार देणाऱ्यावर. धूर्त गिऱ्हाइकापुढे हताश झालेल्या व्यापाऱ्याला हा आधार खराच. पण कर्जापोटी कोरा धनादेश सही करून ठेवणाऱ्या गरजवंताच्या मानेवर तीच सुरी असते.

हुंडीच्या काळी पत गेलेला माणूस पेठेतून उठे. आज तो तारखांना हजर राहतो. वसुलीसाठी तुरुंगाची भीती लागावी, यात पेठेचाही पराभव आहे असे आम्हांस वाटते. मात्र तो पराभव मान्य करूनही, नोटिशीचे ३० दिवस व्यापाऱ्याने चुकवू नयेत, हेही तितकेच खरे.