मिशनचा कागद, इतरांची शाई

अहमदनगरला 1842च्या जून महिन्यात ‘ज्ञानोदय’चा पहिला अंक निघाला तो धर्मप्रसारासाठीच. मासिक अमेरिकन मराठी मिशनचं, संपादक रेव्हरंड हेन्री बॅलंटाईन. मूर्तिपूजा, पुराणं, जातिभेद यांच्यावर त्यात झोड उठवलेली असे आणि शेजारच्याच पानावर भूगोल, खगोल, देशोदेशीच्या वार्ता. मिशनऱ्यांना उत्तर द्यायला मोरभट दांडेकरांनी 1844मध्ये ‘उपदेशचंद्रिका’ काढली, यावरून त्या काळातल्या धर्मचर्चेचा ताप ध्यानात येतो.

ज्यांच्यासाठी हे पत्र निघालं, त्यांनी ते वाचलंच. पण त्याचा खरा उपयोग करून घेतला तो धर्माकडून पोळलेल्या माणसांनी.

मुक्ता साळवे ही पुण्यातल्या जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली मुलगी. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’नं 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855च्या अंकांत छापला. वेद ब्राह्मणांचे, आम्हाला त्यांच्याकडे पाहण्याचीही मुभा नाही, मग आम्ही धर्माविना आहोत काय, असं ती थेट विचारते. आमचा धर्म कोणता ते कळव, असं देवालाच साकडं घालते. पेशवाईतले जुलूम सांगते, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल सांगते आणि शेवटी आपल्या माणसांना शिकायला सांगते.

मिशनला हा मजकूर सोयीचा होता, हे उघडच आहे. जातिव्यवस्थेवर कुणीही घाव घातला तरी त्यांचं काम सोपं व्हायचं. पण फुल्यांच्या शाळांना पुण्यातूनच विरोध होत असताना एका अस्पृश्य मुलीला स्वतःच्या नावानं छापील जागा मिळाली, ती या पत्रात. फुल्यांचे मिशनऱ्यांशी स्नेहाचे संबंध होते, तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. 1873मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला.

नारायण वामन टिळकांचा अपेक्षाभंग तर दोनदा झाला. कोकणातल्या चित्पावन घरात 1861मध्ये जन्मलेला हा कवी जुन्या धर्मात रमेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परतल्या आणि 1900मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. इतकी किंमत मोजून जिथं आले, तिथंही टिळकांना परकेपणा जाचू लागला. कारभार विदेशी मिशनऱ्यांच्या हाती, उपासना पाश्चात्त्य वळणाची. मराठी माणसानं ख्रिस्ताला अभंगात का आळवू नये, हा टिळकांचा सवाल होता, आणि त्यांनी स्वतःच तसे अभंग, भजनं, कीर्तनं रचून त्याचं उत्तर दिलं.

1912मध्ये ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाची सूत्रं त्यांच्याकडे आली. पाच वर्षांनी त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. संस्थेशी इतकं अंतर पडल्यावर तिच्या पत्राचं संपादन कोण ठेवील? टिळकांनी ठेवलं, 1919च्या मे महिन्यात मृत्यू येईपर्यंत. चर्चमधल्या माणसांशी बोलायचं तर त्यांच्या घरात पोचणारं हे पत्र हातात हवं, हा त्यातला व्यवहार.

आज ‘ज्ञानोदय’चे जुने अंक चाळणारे बहुतेक अभ्यासक त्यातल्या उपदेशासाठी येत नाहीत. कुणाला शाळांचा इतिहास हवा असतो, कुणाला मराठी गद्याची घडण. सुझी थरू आणि के. ललिता यांनी 1991मध्ये भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा मोठा इंग्रजी संग्रह संपादित केला. त्याच्या पहिल्या खंडात मुक्ता साळवेचा निबंध आहे. महाराष्ट्राबाहेरचे अनेक वाचक तो तिथंच पहिल्यांदा वाचतात.