घडीच्या सायकलीचा कब्जा

गेल्या पावसाळ्यात सातिवलीहून वसई रोड स्टेशनकडे जाताना एका खड्ड्यात माझ्या घडीच्या सायकलीचे हँडल एकदम पुढे झुकले. वेग कमी होता आणि मागून ट्रक येत नव्हता, म्हणून गुडघा सोलण्यावर निभावले. सायकल जुनी घेतलेली. दुमडून स्टेशनजवळच्या ओळखीच्या दुकानात ठेवता येते, एवढ्याचसाठी घेतलेली. गाळ्यांजवळ पंक्चर काढणाऱ्या चाचांनी ती हलवून पाहिली आणि म्हणाले, "सर, कब्जा ढीला है."

मराठीच्या वर्गात मी कब्जा म्हणजे ताबा असे शिकवतो. उर्दूत ताबाही कब्जा, तलवारीची मूठही कब्जा आणि दाराची बिजागरीही कब्जाच. घडीच्या सायकलीचा सगळा इतिहास या एका शब्दाभोवती फिरतो, हे मला त्या दिवशी कळले.

ही सायकल मुळात शिपायासाठी घडली. 1890 च्या दशकात फ्रेंच सैन्यातील अधिकारी आँरी जेरार आणि ग्रेनोबलजवळचे कारखानदार शार्ल मोरेल यांनी मध्यावर दुमडणारी सायकल तयार केली. रस्ता असेल तिथे शिपाई तिच्यावर बसणार आणि रस्ता संपला की तीच पाठीवर घेणार. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बीएसए कंपनीने छत्रीधारी सैनिकांसाठी अशा हजारो सायकली बनवल्या. तिची घडी पंखासारखे कान असलेल्या दोन नटांनी, हाताने आवळली जाई. बीएसए हे नाव आपल्यालाही परके नाही. 1949 मध्ये मद्रासला सुरू झालेल्या टीआय सायकल्समुळे ते गावोगावी पोहोचले.

शांततेच्या काळात ही सायकल नोकरदाराकडे आली. 1970 च्या दशकात लंडनमध्ये अँड्र्यू रिची यांनी ब्रॉम्प्टनचा आराखडा केला. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हॉन यांनी तेलटंचाईच्या अनुभवातून घडीच्या सायकलीवर काम सुरू केले आणि 1982 मध्ये दाहोन कंपनी उभी राहिली. हाताने आवळायच्या नटांची जागा पुढे अनेक सायकलींवर झटकन बंद होणाऱ्या खटक्याने घेतली. सोय वाढली, पण खटका आपोआप आवळत नाही. ते काम आजही बसणाऱ्याचेच आहे.

आपल्याकडे सायकल म्हणजे काळी, 22 किंवा 24 इंची, पाववाल्याची आणि दूधवाल्याची. दांडा अखंड असल्याने तिच्यात बिघाड झाला तर तो ब्रेकचा, चेनचा नाहीतर चाकाच्या आऊटचा. मिस्त्रीला ती तोंडपाठ असते. घडीच्या सायकलीत मात्र दोन जागा मुद्दाम तोडून पुन्हा जोडलेल्या असतात. एक मधल्या दांड्यावर, दुसरी हँडलच्या खांबावर. तिची तपासणी म्हणून वेगळी.

चाचांनी शिकवलेला क्रम मी आता रोज पाळतो. आधी दोन्ही खटके. बंद करताना शेवटच्या अर्ध्या टप्प्यात हाताला जोर लागला पाहिजे. लोण्यासारखा बंद झाला तर तो ढिला. अशा वेळी खटका उघडून त्याचा छोटा नट पान्याने पाव फेरा फिरवायचा आणि पुन्हा बंद करून पाहायचे. हातोडीने ठोकावे लागेल इतका घट्टही करायचा नाही, त्याने जोड फाटतो. सुरक्षेची छोटी कडी असेल तर ती बसलीच पाहिजे. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवायची. "टक" असा आवाज आला किंवा बोटाला हालचाल जाणवली तर निघायचे नाही. जोडाजवळच्या वेल्डिंगवर केसासारखी रेघ दिसली तर पाना खाली ठेवायचा. ती आवळून बरी होत नाही, चालवणेच थांबवायचे.

त्यानंतर सीटचा दांडा. त्यावर कोरलेली खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे, नाहीतर दांडा वाकतो किंवा मोडतो. घडी घालताना ब्रेकची वायर कुठे चिमटली का, हेही पाहायचे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घाईत चुकीच्या बाजूने जोर लावला तर ते कायमचे जातात. आणि चाक लहान, म्हणून मोठ्या चाकाला न जाणवणारा खड्डा याला गिळतो. हवा कमी ठेवून चालत नाही.

यंदा माझी मुलगी कॉलेजला जाऊ लागली आणि तिने सायकल मागितली. मी म्हटले, आधी तपासून दाखव. मुद्दाम हँडलचा नट अर्धा फेरा सैल करून ठेवला होता. तिने ओढणी खोचली, ब्रेक दाबला, सायकल हलवली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अब्बा, पाना कुठेय?"

मी पाना दिला आणि त्याच दिवशी सायकलही दिली.