बहुवारिकांची स्फटिकरचना आणि प्रक्रियेची परिस्थिती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मीठ सावकाश स्फटिकीभूत झाले काय किंवा झटपट, स्फटिकाचा आकार लहान-मोठा होतो. अंतर्गत मांडणी तीच राहते. बहुवारिकांबाबत असे म्हणता येत नाही. पदार्थ किती वेगाने थंड केला व किती ताणला, यावर त्याची घडण अवलंबून असते. ही जाणीव कशी विकसित झाली, याचा प्रस्तुत लेखात मागोवा घेतला आहे.

विवेचन :
१९२० मध्ये हर्मान श्टाउडिंगर यांनी दीर्घ रेणूंची कल्पना मांडली, तेव्हा तिला स्फटिकशास्त्राच्याच आधारे विरोध झाला. क्ष-किरणांनी दाखविलेली एकक कोशिका लहान होती आणि रेणू कोशिकेहून मोठा असू शकत नाही, असा समज होता. एकच साखळी अनेक कोशिकांमधून जाऊ शकते, हे पुढे मान्य झाले.

१९३० मध्ये ड्यूपाँ कंपनीत कॅरोदर्स यांचे सहकारी ज्यूलियन हिल यांनी पॉलिएस्टरचा तंतू थंड अवस्थेतच ताणला. ठिसूळ, अपारदर्शक तंतू चमकदार व चिवट झाला. रासायनिक घटक तेच होते. साखळ्यांची दिशा मात्र बदलली होती. त्याच वर्षी जर्मनीत असे प्रारूप पुढे आले, की एक साखळी अनेक सूक्ष्म स्फटिकांतून व त्यांमधील अव्यवस्थित भागांतून जाते. सुमारे पाव शतक हेच प्रारूप प्रमाण मानले गेले.

१९५७ मध्ये ब्रिस्टल येथे अँड्र्यू केलर यांनी विरल द्रावणातून पॉलिएथिलीनचे एकल स्फटिक मिळविले. त्यांच्या पत्र्या सुमारे १० नॅनोमीटर जाडीच्या होत्या, तर साखळ्या त्याच्या कितीतरी पट लांब आणि पत्रीला लंब होत्या. अर्थात साखळी वारंवार दुमडलेली असली पाहिजे. टिल व फिशर यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे असेच स्फटिक मिळविले. स्फटिकीभवनाचे तापमान वाढविले की पत्रीची जाडी वाढते, हेही स्पष्ट झाले. वितळलेल्या पदार्थातून बनणाऱ्या स्फटिकांत साखळी लगतच दुमडते काय, यावर फ्लोरी यांच्या आक्षेपांमुळे दीर्घकाळ वाद चालला.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीत स्मिथ व लेम्स्त्रा यांनी अतिदीर्घ साखळ्यांच्या पॉलिएथिलीनचे विरल द्रावण जेलरूपात गोठवून तंतू उष्ण अवस्थेत ताणले. घड्या उलगडल्या, साखळ्या समांतर झाल्या आणि समान वजनाच्या पोलादाहून बळकट तंतू हाती आला.

निष्कर्ष :
बहुवारिकाची स्फटिकरचना केवळ रासायनिक सूत्रावरून सांगता येत नाही. तीत पदार्थाचा पूर्वेतिहास साठलेला असतो. म्हणून नमुन्याची स्फटिकता नोंदविताना तो कसा थंड केला व कसा ताणला, याची नोंद नसेल तर ती माहिती अपुरी ठरते. अध्यापनातही रचना आणि प्रक्रिया हे दोन भाग एकत्रच मांडले जाणे आवश्यक आहे.