हद्दींच्या अध्यायांची कुळकथा

जुना करार नेमाने वाचायला घेतलेला वाचक यहोशवाच्या पुस्तकात तेराव्या अध्यायापाशी हटकून अडखळतो. यरीहोचा तट कोसळून गेलेला असतो, लढाया आटोपलेल्या असतात आणि मग एकोणिसाव्या अध्यायापर्यंत इस्राएलच्या वंशांमधली नुसती जमिनीची वाटणी: हद्दीच्या खुणा, गावांची नावे, बेरजा. बहुतेक जण पाने उलटतात. सीमाभागातल्या वाचकाने मात्र ती उलटू नयेत. १९६७ च्या महाजन अहवालाने बेळगाव म्हैसूरकडे ठेवले, निपाणी-खानापूर धरून २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ म्हैसूरला द्यायची शिफारस केली, आणि अंमल कशाचाच झाला नाही. एवढे पाहिलेल्या माणसाला गावांच्या यादीचा कंटाळा यायचे कारण नाही. यादी कोणी तरी, कशासाठी तरी केलेली असते, हे तो जाणतो. यहोशवातल्या याद्यांचे कूळही मला राजदरबारच्या दप्तरातच दिसते.

पुरावा याद्यांतच आहे. पंधराव्या अध्यायात यहूदाची उत्तर हद्द पूर्वेकडून पश्चिमेला जाते. अठराव्यात तीच रेघ बन्यामिनाची दक्षिण हद्द म्हणून उलट्या दिशेने येते. रऊबेनाच्या बोहन नावाच्या मुलाचा धोंडा दोन्हीकडे, एन-रोगेलचा झरा दोन्हीकडे, हिन्नोमचे खोरे दोन्हीकडे. गोष्ट सांगणारा असे लिहीत नाही. पुढच्या तंट्याची धास्ती असलेला कारकून लिहितो. शिवाय हिशेब जुळत नाहीत. यहूदाच्या दक्षिणेकडची गावे २९ म्हटली आहेत, नावे मोजली तर ३५ च्या पुढे जातात. बैर-शेबा यहूदाच्या यादीत आहे आणि शिमोनाच्याही. एक्रोन यहूदाकडे आहे आणि दानाकडेही. यरुशलेमची गत तर विचारूच नका. ते बन्यामिनाच्या गावांत मोडते, पण तिथल्या यबूसींना हुसकावता आले नाही याचा ठपका यहोशवा यहूदावर ठेवतो आणि शास्ते हे पुढचे पुस्तक बन्यामिनावर. वेगवेगळ्या काळचे कागद एकत्र शिवले की असे होते.

आल्ब्रेख्त आल्ट या जर्मन अभ्यासकाने १९२५ मध्ये यहूदाची गावयादी योशिया राजाच्या, म्हणजे इ. स. पूर्व सातव्या शतकातल्या कारभाराची ठरवली. फ्रँक क्रॉस आणि अर्नेस्ट राइट यांनी १९५६ मध्ये (आपल्याकडे राज्यपुनर्रचना झाली त्याच साली) ती यहोशाफाटापर्यंत, इ. स. पूर्व नवव्या शतकात मागे नेली. काळच नक्की नाही तर दप्तर कशावरून, असे कोणी म्हणेल. पण हा वाद राजा कोणता याचा आहे, दप्तराचा नव्हे. सगळी वाटणीच मागाहून कल्पिलेली, असेही म्हणता येईल. मात्र कल्पनेतल्या वाटणीत एकच गाव दोघांना कोण देईल? श्रद्धाळू वाचकाचा आक्षेप अधिक वजनाचा आहे: ही वाटणी देवासमोर चिठ्ठ्या टाकून झाली, तिथे कारकून कुठून आणता? त्याचे उत्तर अठराव्या अध्यायातच आहे. उरलेल्या सात वंशांच्या वेळी प्रत्येक वंशातली तीन माणसे देश फिरून आली, त्यांनी गावागावाची नोंद पुस्तकात केली, आणि चिठ्ठ्या पडल्या त्या त्यानंतर.

नकलनविसाची चूकही या दप्तराला लागलीच. पंधराव्या अध्यायाच्या ग्रीक भाषांतरात, एकोणसाठाव्या वचनापाशी, हिब्रूत नसलेली ११ गावे आहेत. यादीतला प्रत्येक गट ‘इतकी नगरे आणि त्यांची खेडी’ अशा एकाच साच्याने संपतो. त्यामुळे नक्कल करणाऱ्याची नजर एका गटाच्या शेवटावरून पुढच्याच्या शेवटावर गेली आणि मधला गट सुटला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या अकरांत एक गाव बेथलहेम आहे, दाविदाचे.