भंगारातलं इंजिन

मोटेचे बैल सुटले ते ऑइल इंजिनामुळं. इंग्लंडातल्या लिस्टर कारखान्यानं 1930 च्या सुमारास मिनिटाला 600 फेरे घेणारं 5 हॉर्सपॉवरचं इंजिन काढलं. पुढं राजकोटात तसलीच बनू लागली. 1946 साली पुण्यात किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. मग विहिरीवर वीज आली नि इंजिनं किलोच्या भावानं भंगारात गेली.

तिथनं आणून मी ती चालू करतो. जाम पिस्टनवर आठ-आठ दिवस डिझेल मुरवायचं, नोझल साफ करायचं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. उलटा झटका बसला तर मनगट जातं. हे हातानंच हाताला शिकवायचं असतं. आमच्याकडचे जुने मिस्त्री एकेक करून गेले, म्हणून गावातल्या पोरांना बोलावतो अन् हँडल त्यांच्याच हाती देतो.