पर्णछपाई

पाने, फुले किंवा साली कापडावर घट्ट आवळून, वाफेवर शिजवून त्यांचा आकार व रंग कापडावर उतरवण्याची पद्धत. बाजारात ‘इको प्रिंट’ हे नाव रूढ आहे. ठसा कोरावा लागत नाही, रंगाची खळही लागत नाही. दोन्ही कामे पानच करते. अशा साड्या-ओढण्यांवर कधीकधी ‘प्राचीन भारतीय कला’ अशी चिठ्ठी लावलेली असते, ती विश्वासार्ह नाही. वाफेवरची ही रीत अलीकडची आहे. ऑस्ट्रेलियातील कलावंत इंडिया फ्लिंट यांनी नीलगिरीच्या पानांवर केलेल्या प्रयोगांतून ती आकाराला आली आणि त्यांच्या ‘इको कलर’ (२००८) या पुस्तकानंतर सर्वत्र पसरली.

जुने आहे ते तिच्यामागचे रंगशास्त्र. निळीच्या पिंपावर काम करणारे ‘निराळी’ नावाचे कारागीर आणि आल या झाडाच्या मुळ्यांनी तांबडा खारवा रंगवणारे रंगारी दख्खनेत होते. १८५६ मध्ये पर्किन यांना पहिला कृत्रिम रंग सापडला, १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि हे कसब मोडीत निघाले. हिरडा, तुरटी व हिराकस ही त्या काळची सामग्री मात्र सांगली-साताऱ्यात आजही काष्ठौषधींच्या दुकानात मिळते.

हिरव्या पानाचा हिरवाच ठसा उमटेल, ही नवशिक्याची अपेक्षा फोल ठरते. हरितद्रव्य धाग्याला धरून राहत नाही. टिकतात ती पानातील टॅनिने आणि फ्लॅव्होनॉइडे, तीही धातूच्या क्षारांच्या आधाराने. या धातुक्षारांना रंगबंधक म्हणतात. तुरटीवर पिवळसर, उजळ छटा येतात. हिराकशीवर तेच पान करडे किंवा जवळजवळ काळे उमटते. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की शाई होते, तीच ही क्रिया.

साताऱ्याच्या पश्चिम डोंगरांत हिरडा आहे; त्याच्या फळात टॅनिन भरपूर असल्याने सुती कापडाची पहिली भिजवण त्याचीच करतात. आटपाडी-जत भागातील डाळिंबाची साल तुरटीवर पिवळी आणि हिराकशीवर काळपट शेवाळी उतरते. ठशासाठी एरंड, गुलाब, नीलगिरी आणि पाचगणीच्या रस्त्यांवरचा सिल्व्हर ओक उपयोगी पडतात. सर्वांत देखणा ठसा सागाचा. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लालभडक होतो, हे गावाकडच्या कुठल्याही पोराला ठाऊक असते. तोच रंग कापडावर जांभळट तांबडा होऊन बसतो. सागाला नवी पालवी पावसाच्या तोंडावर फुटते, म्हणून या ठशाचा हंगामही तेव्हाचाच. जून झालेले पान तितके रंगत नाही. पळसाच्या फुलांचा रंग पाण्यात चांगला उतरतो, आकार मात्र धड येत नाही. ती कापडाच्या जमिनीच्या, म्हणजे पार्श्वभूमीच्या, रंगासाठी ठेवावीत.

सांगलीची म्हणून पहिली आठवते ती हळद. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. रंगबंधकाशिवाय कापड पकडणाऱ्या मोजक्या वनस्पतिजन्य रंगांत ती मोडते, आणि तरीही या कामात ती बेभरवशाची. उन्हात ती झपाट्याने विटते. कपड्याच्या साबणाने डाग लाल होतो, कारण अल्क लागले की हळदीतील कुर्क्युमिनाचा रंग पालटतो; चुना किंवा सवागी घालून हळदीचे कुंकू होते ते याच गुणामुळे. म्हणून विकायच्या कापडाची जमीन हळदीने रंगवू नये, झेंडूच्या पाकळ्या तुलनेने बऱ्या.

विट्यासारख्या यंत्रमागाच्या गावातून आलेल्या कोऱ्या सुती कापडाला खळ असते. ते धुण्याच्या सोड्यात उकळून घेतले नाही तर ठसा डागाळतो. नंतर १०० ग्रॅम कापडाला सुमारे १५ ते २० ग्रॅम हिरडापूड आणि १० ते १५ ग्रॅम तुरटी अशा दोन भिजवणी देतात. कापड ओलसर असताना पाने हिराकशीच्या पातळ पाण्यातून काढून, शिरा उठून दिसणारी पाठीकडची बाजू कापडाला टेकवून मांडतात. वर दुसरे कापड किंवा प्लॅस्टिकचा कागद ठेवून सगळे नळीवर गुंडाळतात आणि सुतळीने करकचून बांधतात. आवळ ढिली राहिली की कडा पसरतात. दीड-दोन तास वाफ दिल्यावर गुंडाळी पूर्ण निवू देतात. पाणीही निकालात भाग घेते: कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातील जड पाण्यात आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्यात एकाच झाडाची पाने वेगवेगळ्या छटा देतात.

रेशीम आणि लोकर हे प्राणिज धागे सुतापेक्षा सहज रंगतात. नीलगिरीचा नारिंगी तर त्यांच्यावर रंगबंधकाशिवायही येतो. माण, आटपाडी, जतकडे धनगरांची मेंढरे आणि लोकर दोन्ही आहेत, पण काळ्या घोंगड्यावर कुठलाच ठसा दिसणार नाही. त्यासाठी पांढरी लोकर वेगळी काढावी लागते.

पाने बांधावरची किंवा छाटणीत पडलेली घ्यावीत. चांदोली व कोयना हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र असून तेथून पाने तोडून आणता येत नाहीत.

तयार कापड आठवडाभर तसेच ठेवून मग रिठ्याच्या पाण्यात धुतात आणि सावलीत वाळवतात. हिराकशीचे प्रमाण कापडाच्या वजनाच्या २-३ टक्क्यांवर नेऊ नये. हिराकशीतील लोह सुती धाग्याला कमकुवत करते आणि ते जास्त झालेले कापड काही वर्षांनी नेमके पानाच्या आकारातच विरू लागते.